सावलीचे कॉलेज : यवतमाळ ते नागसेनवन

यवतमाळ जिल्ह्याचे ऊन ज्याने अंगावर घेतले आहे त्याला उन्हाचे वर्णन करून सांगावे लागत नाही. भीमजयंतीच्या सुमारास पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो. नेमक्या याच दिवसांत विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतात. ज्यांच्या घरी कूलर आहे, एसी आहे, त्यांची मुले थंड खोलीत बसून अभ्यास करतात. आमची मुले टिनाच्या छपराखाली बसतात. दुपारी पुस्तक हातात धरवत नाही आणि रात्री झोप लागत नाही. म्हणून कॉलेजची, वसतिगृहाची आणि अभ्यासिकेची इमारत थंड असणे ही आमच्यासाठी हौसेची बाब नाही. तो समतेचाच एक प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे आला त्यालाही कारण झाले. जिल्ह्याच्या १६ तालुक्यांपैकी एका तालुक्याच्या गावी आपल्या समाजातील काही मंडळी कॉलेजच्या आवाराला लागून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि अभ्यासिका बांधण्याच्या खटपटीत आहेत. पावतीपुस्तके छापून झाली आहेत. कोणी महिन्याचे शंभर देतो, कोणी आठवड्याची एक दिवसाची मजुरी देतो. नकाशा आला तेव्हा त्यात दर्शनी बाजूला काचेची भिंत होती. मधे अंधारी गल्ली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना खोल्या होत्या. वर सपाट स्लॅब, आणि तोंड सरळ पश्चिमेला! हिशेबाची वही आमच्याकडे असल्यामुळे वीजबिलाचा आकडाही आम्हीच मांडून पाहिला आणि गप्प झालो. तेव्हा ठरले, की वर्गणी आणखी गोळा करण्यापूर्वी जरा बाहेर पडून पाहू या. आम्ही चौघे निघालो. आम्ही स्वतः, एक निवृत्त गुरुजी, अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आणि तीस वर्षे थापी हातात धरलेले एक मिस्त्री.

वणीची वाट

यवतमाळहून करंजी, मारेगाव करीत एस.टी. वणीला जाते. एप्रिलचा महिना. दोन्ही अंगांना कापूस निघून गेलेली काळी रिकामी शेते, भेगाळलेली. मिस्त्री खिडकीतून बोट दाखवीत म्हणाले, "भाऊ, हे माती पावसात फुगते अन् उन्हात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन वर्सात भिंतीले चीर जाते." आमच्या जिल्ह्यात किती शाळांच्या, समाजमंदिरांच्या भिंती अशा तिरप्या चिरल्या आहेत, हे वाचकांनी आठवून पाहावे. पैसा दर्शनी भागावर जातो आणि पाया उथळ राहतो. टिकाऊपणाची पहिली पायरी ही अशी जमिनीच्या पोटात असते. दहा वर्षांत पाडावी लागणारी इमारत कितीही हिरवी रंगवली तरी ती निसर्गाची आणि गरिबाची लूटच आहे.

वणी परिसर म्हणजे कोळसा आणि चुनखडी. राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या, तर मुकुटबनला आता सिमेंटचा कारखाना. सिमेंट तयार करायला चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजावी लागते. साध्या चुन्याला ९०० अंशांच्या आसपास उष्णता पुरते. त्यामुळे सिमेंटची गोणी जपून वापरली म्हणजे तेवढा कोळसा जमिनीत राहतो आणि तेवढा धूर आमच्याच खाणकामगारांच्या छातीत कमी जातो. चुन्याचा उपयोग आपल्या आयाबायांना ठाऊक होता. दिवाळीला घराला चुना लागायचा. तोच पांढरा चुना उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर दोन हात मारला तर ऊन परतवून लावतो आणि खालच्या खोलीची तलखी कमी होते. मिस्त्रींच्या भाषेत सांगायचे तर, "स्लॅब म्हणजे तवा हाय. दिवसभर तापते अन् रातभर भाजते." तवा तापूच द्यायचा नाही, हे त्याचे साधे उत्तर.

विजासनची लेणी आणि विनयाचे नियम

वर्धा नदी ओलांडून वरोऱ्यामार्गे आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला उतरलो. गावाजवळच विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. बाहेर दुपार भाजत होती. आत लांब बोगद्यासारख्या वाटेने चालत गेलो. शेवटी तथागतांची बसलेली मूर्ती आहे. वंदन करून उठलो तो घाम केव्हाच वाळला होता. खडकाच्या पोटात ऊन पोहोचायला वेळ लागतो, म्हणून आत उन्हाळा-हिवाळा फारसा फरक पडत नाही. भिंत जितकी जाड तितकी उष्णता उशिरा आत येते, हा धडा आमच्या भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी गिरवला होता. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तेथे खडकात पन्हाळी आणि पाण्याची कुंडे कोरलेली आहेत. पावसाचे पाणी डोंगरावरून थेट कुंडात येते. राहणे, शिकणे आणि पाणी साठवणे अशी तिन्ही कामे एकाच आवारात होत. त्या काळची ती निवासी कॉलेजेच होती.

लेण्याबाहेरच्या सावलीत गुरुजींनी विनयपिटकातील गोष्टी सांगितल्या. त्या आम्हाला नव्या होत्या, म्हणून येथे देतो. आळवीच्या भिक्खूंनी कुट्या बांधण्यासाठी लोकांकडे इतके मागणे लावले, की लोक भिक्खू दिसताच वाट बदलू लागले. लांबून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळू लागले! तेव्हा तथागतांनी कुटीच्या लांबी-रुंदीला माप घालून दिले. जागा आधी संघाला दाखवावी, तेथे जीवजंतूंची वस्ती नसावी आणि भोवती फिरायला मोकळी जागा असावी, असा नियम केला. त्याच आळवीत बांधकामासाठी झाडे तोडली गेली, तेव्हा वनस्पती तोडण्यावर बंधन आले. धनिय नावाचा भिक्खू कुंभाराचा मुलगा होता. त्याने सबंध मातीची कुटी करून ती भाजून लाल केली. दिसायला सुंदर! पण त्या आगीत किती जीव मेले असतील, या करुणेने तथागतांनी ती मोडायला लावली. आणि विहारांना खिडक्या नव्हत्या, आत डोळ्यांना त्रास होई, दुर्गंधी येई, तेव्हा त्यांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना परवानगी दिली.

वाचकहो, आजकाल पर्यावरणपूरक इमारतींना तारे देण्याची पद्धत आहे. आपल्या देशात २००७ पासून ‘गृह’ नावाची राष्ट्रीय मानांकन पद्धत आहे. ते चांगलेच आहे. परंतु गरजेपुरते बांधा, जागा पाहून बांधा, झाड राखा, उजेड-वारा आत येऊ द्या आणि लोकांवर वर्गणीचा भार टाकू नका, ही पाचही सूत्रे आपल्या धम्माच्या घरातच आहेत. विशेषतः शेवटचे सूत्र पावतीपुस्तक हातात घेऊन फिरणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

दत्तपूरचे कुंभार

भांदक स्टेशनवरून रेल्वेने आम्ही वर्ध्याच्या बाजूला आलो. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. देवेंद्रकुमार यांनी १९७० च्या दशकात ते उभे केले. येथे एक छप्पर पाहण्यासारखे आहे. कुंभार चाकावर पेल्यासारखी निमुळती कौले करतो. एकाचे टोक दुसऱ्याच्या पोटात बसवीत त्यांची कमान लावतात आणि वरून गिलावा देतात. त्यात लोखंडी सळई नाही आणि सागवानाची तुळई नाही. कौलाच्या पोटात हवा कोंडलेली असते, ती उष्णता अडवते. मिस्त्री बराच वेळ मान वर करून कमान न्याहाळत होते. कुंभाराला, गवंड्याला गावातच काम देणारे हे तंत्र आहे. पैसा सळईच्या कारखान्याकडे न जाता कारागिराच्या हातात राहतो.

पण परतताना आमच्यात वादाला तोंड फुटले आणि तो वाद लपवण्यात अर्थ नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वेचे उद्घाटन झाले आहे, पण आम्ही देवळी-कळंबमार्गे बसनेच निघालो होतो. ताई म्हणाल्या, "गुरुजी, माझा जन्म मातीच्या घरातला. दर पावसाळ्यात भिंत खचायची. आई रात्रभर घमेले धरून बसायची. घरात साप निघायचे. आमच्या बापाने स्लॅब टाकला त्या दिवशी सबंध मोहल्ल्यात पेढे वाटले. आता मोठे लोक संगमरवरात राहणार आणि आम्हाला पुन्हा मातीत राहा म्हणून सांगणार काय?"

गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. हा आक्षेप खरा आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्या विचाराशी आपला मतभेद जुना आहे. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या भाबड्या कौतुकावर कडक टीका केली होती. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या झोपडीला कोणी ‘निसर्गाशी एकरूप’ म्हणत असेल तर त्याने एक पावसाळा तेथे काढून दाखवावा. स्लॅब हे आमच्यासाठी नुसते छप्पर नाही. ते माणूसपण मिळाल्याची खूण आहे. मग थंडावा आणि प्रतिष्ठा यांत निवड करायची काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला वर्ध्यात मिळाले नाही. ते पुढच्या जानेवारीत मिळाले.

नागसेनवनात

१४ जानेवारीला नामविस्तार दिनी विदर्भातून कितीतरी कुटुंबे विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराला अभिवादन करायला जातात. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. आम्हीही रात्रीच्या बसने छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, पोहोचलो. शहिदांना अभिवादन झाले. मग गर्दीतून बाहेर पडून शेजारच्या नागसेनवनात गेलो.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये येथले महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भन्ते नागसेन, या दोघांची नावे या आवाराने धारण केली. जागाही पाहण्यासारखी निवडली. शहराच्या गजबजाटापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी, आणि त्या डोंगरात बौद्ध लेणी. येथे नुसत्या इमारतीला नाव दिलेले नाही, तर ‘वन’ म्हटले आहे. कॉलेज, वसतिगृह, मोकळे मैदान आणि झाडे मिळून शिक्षणसंस्था होते, ही कल्पना त्या नावातच आहे.

बाबासाहेबांना बांधकामातले कळत होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारेही त्यांच्याकडे होते. दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथांच्या जागेचा विचार त्यांनी आधी केला. नागसेनवनाचे काम पाहण्यासाठी ते दिल्लीहून येऊन राहत. त्यांनी मराठवाड्यातल्या अत्यंत गरीब पोरांसाठी झोपड्या बांधल्या नाहीत. पक्क्या, प्रशस्त, मान ताठ करून आत जावे अशा इमारती बांधल्या. आणि त्याच वेळी झाडांचा आग्रह धरला, असे जुने विद्यार्थी सांगत आले आहेत.

ताई झाडाखाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे पटते. पक्के बी आहे अन् सावली बी आहे." आमच्या वादाचा निकाल असा लागला. माती की सिमेंट, हा खरा प्रश्नच नव्हता. पक्के बांधायचे, पण ऊन, वारा, पाणी आणि झाड यांचा हिशेब करून बांधायचे. केरळात लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राचे आवार १९७० च्या दशकात असेच बांधले. उघड्या विटांच्या भिंती, जाळीतून येणारा वारा आणि जागच्या जागी राखलेली झाडे. देशातील मोठमोठे अर्थतज्ज्ञ तेथे बसून काम करीत आले. त्यांची प्रतिष्ठा काही कमी झाली नाही.

आमचा हिशेब

परत आल्यावर आम्ही चौघांनी आणि एका तरुण इंजिनिअरने मिळून नकाशा पुन्हा मांडला. तो असा आहे.

इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला. आपल्या भागात मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे या बाजूंच्या भिंतींना थोडे छज्जे पुरतात. खरा छळ करतो तो मावळतीचा तिरपा सूर्य. म्हणून पश्चिमेला जिना, संडास-न्हाणी आणि सामानाची खोली. त्या बाजूला खिडकी नको. भिंतीपासून अंतर राखून कडुनिंब, करंज आणि चिंच लावायची. दक्षिणेला रुंद व्हरांडा. त्याने भिंतीला सावली मिळते आणि मुलांना बसायला जागा होते. काचेची भिंत रद्द.

प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोके. उन्हाळ्यात सकाळी अकराला खिडक्या लावायच्या आणि संध्याकाळनंतर उघडायच्या, म्हणजे रात्रीचा गार वारा भिंती निववतो. अभ्यासिकेत उजेड डाव्या हाताने यावा, लिहिताना सावली पडत नाही. मधली अंधारी गल्ली काढून टाकली, म्हणजे दिवसा दिवे लावायला नकोत.

भिंतींसाठी विटा आडव्या न ठेवता उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी ठेवायची. बेकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा घेतल्या तर शेतातली माती वाचते आणि भट्टीचा धूरही टळतो. स्लॅब राहील, पण त्यावर पांढरा चुना असेल.

पंख्यांचा हिशेब सोपा आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, नव्या पद्धतीचा ३० वॅटच्या आसपास. ४० पंखे रोज दहा तास चालले तर पहिल्यांना ३० युनिट लागतात, दुसऱ्यांना १२. वर्षाचे २५० दिवस धरले तर ४,५०० युनिट वाचतात. कूलरला तर विजेबरोबर पाणीही लागते आणि जुलैच्या दमट हवेत तो निकामी होतो.

पाण्याचे तर विचारूच नका. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी जे हाल काढले ते कोणी विसरलेले नाही. शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ७२,००० लिटर उरते. चार मीटर रुंद, पाच मीटर लांब आणि दोन मीटर खोल अशा टाक्यात ४०,००० लिटर मावते. पन्नास मुलांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ५०० लिटर लागले तर ते ८० दिवस पुरते, म्हणजे साधारण सबंध उन्हाळा. उरलेले पाणी विहिरीत सोडायचे. पहिल्या पावसाचे पाणी मात्र टाक्यात घ्यायचे नाही, ते गच्ची धुऊन जाऊ द्यायचे. मुलींच्या बाजूला न्हाणीत पुरेसे पाणी आणि कपडे वाळवायला आडोसा असावा, हे ताईंनी नकाशात लाल शाईने लिहून घेतले. पाण्याअभावी मुलगी वसतिगृह सोडून घरी गेली की बहुधा परत येत नाही.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी लिहायला लावली. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर लागू झाला आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी असतो. मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर कामगाराची मंडळात नोंदणी होते. आपल्या संस्थेच्या बांधकामावरच्या मजुराला आपणच दाखला दिला नाही, तर इमारतीला बाबासाहेबांचे नाव देण्याचा आपल्याला काय अधिकार?

आपल्या गावी कॉलेजसाठी, वसतिगृहासाठी, विहारासाठी कोणी पावती फाडायला आले, तर वर्गणी जरूर द्या. पण देण्यापूर्वी नकाशा मागा आणि विचारा. पाया मुरमापर्यंत आहे काय? पश्चिमेची भिंत बंद आहे काय? दिवसा दिवा लागेल काय? पावसाचे पाणी कोठे जाणार? झाडे किती तुटणार आणि किती लागणार? मजुरांना दाखले मिळणार काय? एक दिवसाची मजुरी देणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आमच्या तालुक्यात जुना नकाशा फिरला आहे आणि पाया मुरमापर्यंत खोदायला सुरुवात झाली आहे. झाडे मात्र आम्ही गेल्या पावसाळ्यातच लावली. इमारत वर्षभरात उभी राहील, पण सावलीला वेळ लागतो.